सासूबाईंसाठी छापलेली पोथी

देवाधर्माची पुस्तकं छापणाऱ्याला रद्दी विकता येत नाही, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. आमच्या शेजारी शाळेची गाइडं छापणारा एक प्रकाशक होता. त्याचे बिघडलेले कागद फुटाणेवाला आनंदाने घेऊन जायचा. आमचे बिघडलेले कागद म्हणजे कुठे अर्धी आरती, कुठे स्तोत्राचं शेपूट. एकदा वडिलांनी चुकून त्यातला एक गठ्ठा भेळवाल्याला दिला. दुसऱ्याच दिवशी एक काकू तो कागद हातात घेऊन दारात हजर. "देवाच्या नावावर चिंचेचं पाणी सांडलंय हो! काही वाटतं का तुम्हाला?" वडिलांनी कान धरले, माफी मागितली. पण काकूंनी भेळ मात्र चाटूनपुसून खाल्ली होती, हे ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले.

तेव्हापासून आमचा वाया गेलेला कागद पोत्यात भरून माळ्यावर जायला लागला. माळा भरला की गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीत विसर्जन. लोकही घरातल्या जुन्या, फाटक्या पोथ्या आमच्याच दुकानात आणून ठेवायचे. "तुमच्याकडनं घेतली होती, आता तुम्हीच काय ते करा." म्हणजे बाळंतपणही आम्ही करायचं आणि उत्तरक्रियाही आम्हीच!

आमचं दुकान जुन्या नाशकात, नदीकडे उतरणाऱ्या बोळात. पुढे पुस्तकांची मांडणी, एक टेबल, दोन खुर्च्या. मागे पायाने चालवायचं छपाईचं यंत्र, ट्रेडल. वडील गेले आणि हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. आमचे हे सातपूरला कारखान्यात, पाळीपाळीने कामावर. पुस्तकांशी त्यांचा संबंध एवढाच, की दिवसा झोपायचं असलं की मागच्या खोलीत ट्रेडलच्या खडखडाटात गाढ झोपायचे आणि यंत्र थांबलं की दचकून उठायचे. त्यामुळे मालक मीच, व्यवस्थापक मीच, प्रुफं तपासणारीही मीच. तरी गिऱ्हाईक आत आलं की माझ्या खांद्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, "मालक नाहीत का?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे मी "बाहेर गेलेत" म्हणायला लागले. निदान उधारी मागणारे तरी परत जायचे.

मालक मी असले तरी यंत्रावरचा हुकूम पगारेमामांचा. ते आमचे कंपोझिटर. म्हणजे एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान यंत्रावर चढवायचं. छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. एखादी पोथी छापायची म्हणजे ती आधी उलट्या अक्षरांत वाचावी लागते. पगारेमामांनी आमच्या यच्चयावत आरत्या उलट्या वाचल्या होत्या. ते बौद्ध. त्यांच्या वसाहतीतल्या विहारात पावसाळाभर वर्षावासाचं वाचन चालायचं, तिथे ते संध्याकाळी वाचायला बसायचे. वंदनेची एक छोटी पुस्तिकाही आम्ही त्यांच्या आग्रहावरून काढली होती, ती दरवर्षी संपायची. "ताई, तुमचा चातुर्मास, आमचा वर्षावास," ते म्हणायचे. "पाऊस एकच पडतो आणि दोन्हीकडचा कागद सारखाच ओला करतो."

खरंच, पावसाने आमचा जीव नकोसा करून टाकलेला असायचा. गंमत बघा, पोथ्यांना सगळ्यात जास्त मागणी चातुर्मासात, आणि छपाईला सगळ्यात वाईट दिवसही तेच. कागद दमट होऊन फुगायचा, शाई म्हणून वाळायची नाही. दुकानात दोऱ्या बांधून छापलेले कागद कपड्यांसारखे वाळत घालायचो. गिऱ्हाईक खाली वाकून आत यायचं. एक भाविक आजोबा म्हणाले, "वा! आत शिरताना आपोआप नमस्कार घडतो." उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. खिळ्यांवर शाई फिरवणारे रूळ त्या काळी सरस आणि गूळ उकळून ओतलेले असायचे. वैशाखात ते मऊ पडायचे, बोट लावलं तर ठसा उमटायचा. शिवाय गुळाला मुंग्या! लग्नपत्रिकांची घाई अंगावर असायची आणि पगारेमामा ओल्या फडक्याने मुंग्या टिपत बसलेले असायचे. थंडीत शाईच गोठायची, मग डबा शेगडीजवळ ठेवायचा. बाकीच्या लोकांना ऋतू आकाशात दिसतात, आम्हाला ते यंत्रावर दिसायचे. हल्ली सगळं संगणकावर होतं. पान सुंदर दिसतं. पण बाहेर कुठला महिना चाललाय याचा त्या पानाला पत्ता नसतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आता लेखकांकडे वळते. कथा-कादंबरीवाल्या लेखकाला आपलं नाव मोठं हवं असतं, ते सरळ तरी आहे. आध्यात्मिक लेखकाचा प्रकार अवघड. तो आल्या आल्या सांगतो, "नाव घालू नका, अहंकार वाढतो. नुसतं 'एक साधक' असं छापा." बरं म्हणावं. पहिलं प्रूफ बघायला येतो तेव्हा, "नाव नकोच, पण गाव घातलं तर?" दुसऱ्या प्रुफाला, "गावापुढे 'निवृत्त मुख्याध्यापक' एवढं घाला. लोकांना संदर्भ लागतो हो." तिसऱ्या प्रुफाला मीच फोटो मागून घ्यायची. उगाच त्यांना कशाला तिष्ठत ठेवायचं?

नानासाहेब मात्र त्यातले नव्हते. ते निवृत्त मामलेदार. त्यांनी ध्यानधारणेवरचं आपलं पुस्तक काढताना पहिल्याच दिवशी नाव, हुद्दा आणि फोटो, तिन्ही आणून दिलं. पुस्तक काही खपलं नाही. पण नानासाहेब रोज सकाळी दुकानात येऊन खुर्चीवर बसायला लागले, ते बसतच राहिले. वर्तमानपत्र वाचायचे, चहा घ्यायचे, गिऱ्हाइकांना मनःशांतीबद्दल चार शब्द सांगायचे. पांढरे केस, करवतकाठी उपरणं, आवाज खर्जातला. दुकानाला जरा शोभा यायची, म्हणून मीही कधी काही बोलले नाही.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी एक बाई बाजाराची पिशवी घेऊन आली. तिशीची असेल. पिशवीत वर मेथीची जुडी, तिच्याखाली सुतळीने बांधलेले कागद. नाव इंदू. माहेर चांदवडचं, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि सासर दिंडोरीजवळच्या एका वाडीवर. डोळे दाखवायला म्हणून घरात सांगून आली होती.

"ताई, हे छापल्यावर पोथीसारखं दिसेल का?" तिने विचारलं.

"पोथीसारखं म्हणजे?"

"मोठं अक्षर. लाल पुठ्ठा. वर देवाचं चित्र. हातात घेतल्यावर कुणालाही वाटलं पाहिजे, ही पोथीच."

मी कागद चाळले. बारा महिन्यांचे बारा अध्याय. प्रत्येक महिन्यात शेतातलं काम, घरातलं काम आणि त्यात देव कुठे भेटतो ते. ओव्या साध्या होत्या, पण ठसकेबाज होत्या. बघा ना, वैशाखातली ही:

वैशाखी उन्हाची काहिली । सून चुलीपाशी राहिली ।
जिने तिज सावली दिली । तिने देव पूजियेला ॥

आणि श्रावणातली ही:

श्रावणी पाऊस झिमझिमे । मन माहेराकडे रमे ।
सुनेस जी धाडी प्रेमे । तिचे घरी देव राहे ॥

"नाव काय घालायचं?" मी विचारलं.

"नाव नको."

झालं! म्हटलं, आली आणखी एक. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं, की बाई, अहंकाराची एवढी भीती बाळगू नका, नावाने काही मोक्ष अडत नाही. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अहंकार नाही हो ताई," ती म्हणाली. "सासूबाई आहेत."

मग तिने सगळं सांगितलं. सासूबाई, भागाबाई, स्वभावाने कडक. लिहिता-वाचता येत नाही. पण रोज पहाटे दिवा लावून बसायच्या आणि इंदूकडून पोथी वाचून घ्यायच्या. पोथीत जे येईल ते शिरसावंद्य. पोथीत आलं म्हणून त्यांनी आयुष्यभराची मिश्री सोडली होती. "आणि तेच मी बोलले, तर ते उलट उत्तर होतं," इंदू म्हणाली. "दुपारच्या उन्हात चूल बाहेर मांडली की भोवळ येते, हे मी कितीदा सांगितलं. त्या म्हणतात, आम्ही नाय केलं का? माहेरी जाऊन किती वर्षं झाली, विचारूच नका. मग मला वाटलं, जे माझं ऐकत नाहीत ते पोथीचं ऐकतील."

मी गारच पडले. इतक्या वर्षांत पुण्य मिळावं म्हणून पोथी काढणारे पाहिले, नवस फेडायला काढणारे पाहिले. सासूला ऐकवायला पोथी काढणारी ही पहिलीच! पण मन जरा कचरलं. "अगं, पण ही फसवणूक नाही का? देवाच्या नावावर आपलंच म्हणणं खपवायचं?"

मागून पगारेमामांचा आवाज आला. "ताई, आजवर आपण जे जे छापलं, ते देवानं दुकानात येऊन दिलं होतं का?"

मी पोथी घेतली. वर 'एक साधक' छापायचं ठरलं, आणि मी तिला शब्द दिला, की माझ्या तोंडून तुझं नाव कुणाला कळणार नाही. तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. घरात कळलं तर नुसती भांडणं होऊन भागणार नव्हतं. सासूबाई पुन्हा तिच्या तोंडून पोथी ऐकणार नाहीत, ही तिची खरी भीती होती. "दिवसभरात तेवढाच वेळ त्या माझ्याकडे तोंड करून बसतात," ती म्हणाली.

प्रुफं वाचताना मी एका ठिकाणी अडले. सगळ्या महिन्यांत सासूला गोड शब्दांत उपदेश होता. आषाढात मात्र हे असं:

आषाढी पेरिले ते उगवले । घरातले एक मावळले ।
मायेला रडू न दिले । कोणी, ते देव जाणे ॥

मी इंदूला म्हटलं, "इथे उपदेश राहिलाय का? बाकी महिन्यांसारखं काहीतरी गोड घाल." ती प्रुफाकडे बघत राहिली. "हे असंच राहू द्या ताई," म्हणाली. तिच्या आवाजावरून मी पुढे विचारलं नाही.

पोथी निघाली. आणि अहो, लागू पडली! वैशाख लागला तसा भागाबाईंनी स्वतः उभं राहून चुलीवर मांडव घालून घेतला. श्रावणात इंदूला चांदवडला धाडली, वर शिदोरी बांधून दिली. इंदू माहेराहून परतताना वाट वाकडी करून दुकानात आली, ती नुसती हसत सुटली होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, लिवणारा पुरुष हाय पण बायांचं मन लय जाणतो म्हनून!"

मग हळूहळू गावोगावच्या सुना यायला लागल्या. कुणी आठवडी बाजाराच्या निमित्ताने, कुणी दवाखान्याच्या. "ती बारा महिन्यांची पोथी द्या. सासूबाईंना वाचून दाखवायचीय." चेहरे इतके भाविक, की मला हसू आवरायचं नाही. एक सासूबाई मात्र पक्क्या होत्या. पोथी पुढून-मागून निरखली आणि मला म्हणाल्या, "सुनांना उपदेश करणारी नाही का तुमच्याकडे एखादी?" मी मांडणीकडे हात केला. म्हटलं, "आजी, ही एवढी सोडली तर बाकीच्या सगळ्या त्याच आहेत."

आता लोक विचारायला लागले, हा साधक कोण? मी म्हणायची, "सांगायची परवानगी नाही." एकदा एक बाई असंच विचारत होती आणि नानासाहेब खुर्चीत बसले होते. तिची नजर त्यांच्याकडे गेली. नानासाहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि अलगद डोळे मिटले. बस्स, एवढंच. एक शब्द बोलले नाहीत. त्या बाईने तिथेच हात जोडले.

ती गेल्यावर म्हटलं, "नानासाहेब, हे काय?"

"मी कुठे काय म्हटलं?" ते म्हणाले. "मी फक्त नाही म्हटलं नाही."

पुढे ही त्यांची रीतच झाली. कुणी म्हणे, "आपली पोथी अमृत आहे." हे म्हणणार, "सगळी त्याची कृपा." कुणी पाया पडे, हे पाय जरासे पुढे करणार. त्यांच्या सत्संग मंडळाने सत्काराचं काढलं तेव्हा म्हणाले, "छे छे, सत्कार कसला माझा, शाल नको हो, नुसता नारळ चालेल." मी आतल्या आत जळत होते, पण शब्द दिलेला होता. नानासाहेबांना 'तुम्ही नाही' म्हणावं, तर ते 'मग कोण' म्हणणार. शेवटी मी इंदूला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तर ती म्हणाली, "बरंच झालं की! आता आत्याबाईंना संशयच यायचा नाही." हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. जाताना दारात थांबून तिने विचारलं, "खरंच शाल दिली का हो त्यांना?"

पोथी निघून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची ही पौषातली गोष्ट. थंडी मी म्हणत होती. पगारेमामांनी शाईचा डबा शेगडीजवळ ठेवला होता, नानासाहेब मफलर गुंडाळून खुर्चीत. तेवढ्यात इंदू आली आणि तिच्यामागे नऊवारीतली एक उंच, ताठ म्हातारी. इंदूचा चेहरा पांढराफटक. ती मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होती, पण म्हातारी तिच्या पुढे झाली.

"पुस्तकवाल्या बाई तुमीच ना? मी भागाबाई. हिची सासू. औंदा संक्रांतीला वाण म्हनून ती बारा म्हयन्यांची पोथी लुटायची हाय मला. आमच्या आळीतल्या समद्या बायांना."

"देते की," मी म्हटलं. "बसा आजी."

"बसायला नाय आले. आमच्या गावात म्हनत्यात, ती पोथी लिवनारे म्हाराज हितंच खुर्चीवर बसत्यात. त्यांना भेटायचंय." आणि तिची नजर नानासाहेबांवर गेली. नानासाहेबांनी सवयीने वर्तमानपत्र खाली घेतलं आणि डोळे मिटले.

डोळे उघडेपर्यंत भागाबाईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. आणि ते उचललं नाही. तिथे खालीच बसून ती बोलायला लागली.

"म्हाराज, तुमाला एक इचारायचंय. आषाढात तुमी लिवलंय, मायेला रडू दिलं नाय म्हनून. ते मपल्याच घरात झालंय. ही मपली सून. हिचं लेकरू गेलं. चार दिस झाले नसतील, पेरणी उगवून आली व्हती, मानसं मिळत नव्हती, आन मी हिला निंदायला धाडली. ती शेतात बसून रडाया लागली तर म्या म्हनले, रडून तन निघत नाय. ही एका शब्दानं बोलली नाय मला. तवापासून मी हिच्याशी नीट बोलू शकत नाय. तोंड उघडलं की कडूच निघतं. दरसाल आषाढ आला आन ही ती ओवी वाचाया लागली की वाटतं, देवानं पाह्यलंय. आता तुमी सांगा, म्हाराज. याला काय उपाव? उपास करू? नवस करू? तुमी सांगाल ते करते."

इंदू मांडणीला टेकून उभी होती. मागे ट्रेडल थांबलं होतं. मी नानासाहेबांकडे बघितलं. मला खरंच वाटलं, आता हे काहीतरी छापील बोलणार, सगळी त्याची लीला वगैरे. आणि ते तसं बोलले असते, तर मी शब्द मोडून त्यांना दुकानाबाहेर काढलं असतं.

नानासाहेबांनी पाय मागे घेतले. अगदी खुर्चीखाली.

"आजी, उठा," ते म्हणाले. "माझ्या पाया पडू नका. मी नाही लिहिलं ते. लोकांना तसं वाटलं आणि मी वाटू दिलं. मला त्यातलं काही माहीत नाही. मी तुम्हाला काय उपाय सांगणार?"

भागाबाई उठली. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग कुनी लिवलं?"

मी शब्द दिलेला होता. मी खाली बघितलं.

"मी लिहिलं, आत्याबाई," इंदू म्हणाली.

भागाबाई शेजारच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसली.

"समदी तू?"

"सगळी. बारा महिने."

"तो चुलीवरचा मांडव? माहेराला धाडायचं?"

"होय."

"आन आषाढ?"

"आषाढही मीच."

मी मनात म्हटलं, संपलं सगळं. आता ही म्हातारी दुकान डोक्यावर घेणार आणि या पोरीला घरात जागा राहणार नाही. भागाबाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"मग हे मला तोंडानं का नाय सांगितलं?"

"सांगायला आले होते त्या दिवशी," इंदू म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "तुम्ही माझ्या हातात खुरपं दिलं."

भागाबाईने हनुवटी गळ्याशी नेली आणि ती रडायला लागली. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मला ते बघवेना. लपवत नाही, माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इंदूला काय करावं सुचेना, तिने सवयीने टेबलावरची एक पोथी उचलली आणि छातीशी धरली. कदाचित पहाटे त्या दोघी अशाच समोरासमोर बसायच्या म्हणून असेल.

भागाबाईने हात पुढे केला, तिच्या हातून पोथी घेतली, कपाळाला लावली आणि टेबलावर परत ठेवली. गठ्ठ्यावर जरा सरकून बाजूला जागा केली.

"ही ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "हितं बस. तोंडानं सांग. पोराचं सांग."

पगारेमामा माझ्याआधी हलले. हात पुसत बाहेर आले, शेगडी उचलून त्या दोघींच्या जवळ ठेवली आणि मला खुणेने बाहेर बोलावलं. नानासाहेबही उठले. आम्ही तिघं पायरीवर येऊन उभे राहिलो आणि मी दार ओढून घेतलं. बोळात ऊन अजून उतरलं नव्हतं. नानासाहेबांचा मफलर आतच राहिला होता, पण तो आणायला जायचं धाडस कुणाला होईना. आतून इंदूचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण ती वाचत नव्हती एवढं कळत होतं. ती अडखळत होती, थांबत होती, मध्येच रडत होती आणि पुन्हा बोलत होती.

तेवढ्यात सत्संग मंडळातले एक गृहस्थ आले, लांबूनच हात जोडत. "नानासाहेब, बाहेर का उभे? आपल्या पोथीच्या काही प्रती हव्या होत्या. दुकान बंद आहे की काय?"

नानासाहेबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"दुकान उघडं आहे," ते म्हणाले. "पण थोडं थांबावं लागेल. पोथीच्या लेखिका आत बोलतायत."